घरात राहून लातूरला

आप्पा कंपौंडर होते, आणि आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. दूधवाला, रिक्षावाले, समोरचा पिठाच्या गिरणीवाला, सगळे त्यांना कंपौंडरच म्हणत. माय शेजारणींशी बोलतानासुद्धा "आमचे कंपौंडर" असंच म्हणायची. जुन्या नांदेडात, इतवाऱ्याच्या अलीकडं एका बोळाच्या तोंडाशी डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता आणि आमचं भाड्याचं घर तिथून दोन गल्ल्या आत. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन लाउडस्पीकरवरून ऐकू यायला लागलं की आप्पा उठत, आंघोळ करून कपाळाला बुक्का लावत आणि दवाखाना उघडायला जात. काचेच्या सिरिंजा स्टीलच्या डब्यात उकळायला ठेवायच्या, लाल मिक्श्चरची मोठी बरणी हलवून घ्यायची, औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या कागदी पट्ट्या कात्रीनं खाचा पाडून तयार ठेवायच्या, हे सगळं साहेब येण्याआधी. एक खाच म्हणजे एक डोस. त्या पट्ट्या मी लहानपणी झालर म्हणून बाहुलीच्या परकराला लावायची.

शाळा सुटली की आप्पांचा डबा घेऊन जाणं माझं काम. ज्वारीच्या दोन भाकरी, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. आप्पा आत औषधं बांधत असायचे, तोवर मी बायकांच्या बाकड्यावर जाऊन बसायची. माझं खरं शिक्षण त्या बाकड्यावर झालं असं आता वाटतं. बायका आधी दुखणं सांगत आणि नंतर हळूहळू बाकीचं. आमच्या शेजारच्या शमीमखाला तिथं नेहमी असत. त्या विधवा होत्या, शिवणकाम करून तीन मुली वाढवत होत्या. त्यांच्या छातीत धडधड व्हायची. बसल्या बसल्या हात गार पडायचे, घाम फुटायचा, आता जीव जातो असं वाटायचं. साहेब नळी लावून तपासत, रक्तदाब बघत आणि म्हणत, "काही नाही हो बाई तुम्हाला." मग आप्पांकडं वळून, "ताकदीचं द्या." ताकदीचं म्हणजे लाल रंगाचं इंजेक्शन. खाला ते घेऊन दंड चोळत बाहेर येत आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच बाकड्यावर दिसत.

मी एकदा आप्पांना विचारलं, "काही नाही तर इंजेक्शन कामून देता?"

"तिला बरं वाटते म्हून."

"बरं वाटते म्हणजे आधी बरं नव्हतं. मग काहीतरी हाय की तिला."

आप्पा हसले. बाटलीला पट्टी चिकटवता चिकटवता म्हणाले, "तू डॉक्टर झाली की सांग मला, काय हाय ते."

मी डॉक्टर होणार हे आमच्या घरात केव्हा ठरलं ते मला सांगता येणार नाही. ते ठरलेलंच होतं. दहावीला मार्क चांगले पडले आणि साहेबांनी स्वतः आप्पांना सांगितलं, "कंपौंडर, पोरीला लातूरला टाका. तिथं शिकवतात ते शिकवणं वेगळं आहे." लातूरचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. साहेबांनी मला खिशातलं शाईचं पेन काढून दिलं. आप्पांनी ते दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला दाखवलं. इतकी वर्षं दुसऱ्याची बॅग उचलून मागं चालणाऱ्या माणसाची पोरगी पुढं चालणार होती, आणि तो आनंद त्यांच्या अंगात मावत नव्हता. मी पेशंटांसमोर मान खाली घालून उभी राहायची. तेव्हा ती लाज गोड होती.

लातूरला माझी आत्या दिलेली होती. तिचे यजमान, आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना मामा म्हणायची, मार्केट यार्डात एका आडत्याकडं मुनीम होते. घराच्या मागच्या बाजूला डाळीची मिल होती आणि दिवसभर तिचा घर्र आवाज चालायचा. अंथरुणावर, कपड्यांवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणावर तुरीच्या टरफलांची बारीक पिवळी धूळ. आत्या पहाटे उठून माझ्यासाठी सुशीला करायची. भिजवलेले मुरमुरे, कांदा, मिरची, वरून डाळ्याचं कूट. "खा गं, मेंदूला लागते," म्हणायची. गरम ताटली हातात घेऊन मी दारात उभी राहिले की रस्त्यावरून सायकलींची रांग जाताना दिसायची. पाठीला दप्तरं लावलेली मुलं-मुली अंधारात शिकवणीला चालली आहेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मीही त्यांच्यात मिसळायची.

पहिल्या पंधरा दिवसांतच मला कळलं की भौतिकशास्त्र मला जमत नाही. थोडंफार नाही, अजिबात जमत नाही. फळ्यावर सर गणित सोडवत, बाकीचे माना डोलवत, आणि मला वाटायचं हे सगळे मिळून माझी थट्टा करतायत. गणिताचंही तेच. जीवशास्त्र मात्र आवडायचं. मी वाट बघत होते की शमीमखालांच्या धडधडीचा धडा केव्हा येतो. हृदय आलं, त्याचे कप्पे आले, झडपा आल्या. धडा संपला. मी धीर करून सरांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, "सर, हृदय चांगलं असून पण धडधडतं, घाम येतो, मरतो असं वाटतं, ते कोणत्या धड्यात आहे?"

सर चांगले होते. खडूचे हात झटकत त्यांनी नीट ऐकून घेतलं. "ते आपल्याकडं नाही. ते मनाचं. आधी एमबीबीएस करायचं, मग त्याच्यापुढं मानसोपचार. किंवा मग," त्यांनी समोरच्या इमारतीकडं हात केला, "आर्ट्सला मानसशास्त्र असतं. पण तू सायन्सची आहेस. तिकडं कशाला बघतेस?"

मी तिकडं बघितलं. त्या दिवसापासून बघतच राहिले.

इथं मला एक गोष्ट लिहून टाकली पाहिजे, कारण आजही कुणी मुलाखतीत, सत्कारात विचारतं, "मॅडम, तुम्ही त्या काळात हा विषय कसा निवडलात?" आणि मी खालांच्या बाकड्याची गोष्ट सांगते. ती खोटी नाही. पण भौतिकशास्त्र जमलं असतं तर मी ते बाकडं विसरले असते की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चाचणीत मला इतके कमी मार्क पडले होते की मी उत्तरपत्रिका आत्याच्या चुलीत घातली. मी निवडून आले की पळून आले? साठीला टेकले तरी या प्रश्नाला मला सरळ उत्तर देता येत नाही.

पोळ्याच्या सुट्टीला मी नांदेडला आले ती पत्र्याची ट्रंक घेऊनच. मायनं ट्रंक बघितली आणि पुरणाची डाळ शिजवता शिजवता हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. आप्पा संध्याकाळी आले. मी त्यांना सांगितलं की मला परत जायचं नाही, मला मानसशास्त्र घ्यायचंय, इथंच, आर्ट्सला. मला वाटलं होतं ते चिडतील. ते खाली बसले आणि त्यांनी विचारलं, "कुणी काही बोललं का तुला तिथं? आत्या नीट खाऊ घालत न्हाई का?" मी मान हलवली. "मग आर्ट्सला कामून? आर्ट्सला कोण जाते? ज्याला कुटंच घेत न्हाईत ते जातेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती न कळल्याची भीती होती. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

प्रवेश घ्यायला ते आले नाहीत. माय आली. ती चौथी शिकलेली. नवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती कॉलेजच्या खिडकीपाशी माझ्यापुढं उभी राहिली. आतल्या क्लार्कनं मला आपादमस्तक बघितलं आणि विषय वाचून दाखवले. मराठी, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, आणि मुलींसाठी गृहशास्त्र. "गृहशास्त्र घ्या बाई. स्वयंपाक, शिवण, मुलींना उपयोगाचं."

माय म्हणाली, "ते मी घरी शिकविते. मनाचं हाय का तुमच्याकडं? ते द्या."

क्लार्क हसला. मागं रांगेत उभी असलेली पोरंही हसली. मला मायची लाज वाटली आणि तिनं माझ्यासाठी मागितलं म्हणून भरूनही आलं, दोन्ही एकाच वेळी. विषय मिळाला. वर्गात आम्ही मोजक्याच मुली होतो. पहिल्याच दिवशी धडधडीचं कारण कळेल असं मी धरून चालले होते. पहिले काही आठवडे बाईंनी नुसत्या व्याख्या लिहून दिल्या.

खोटं सुरू झालं ते एका शब्दानं. पोळ्यानंतर आप्पा दवाखान्यात गेले तेव्हा साहेबांनी हात धुता धुता सहज विचारलं, "काय कंपौंडर, गेली का डॉक्टरीणबाई परत लातूरला?" आणि आप्पांच्या तोंडून "हाव" निघून गेलं. हे त्यांनी स्वतः रात्री जेवताना मायला सांगितलं, भाकरीचा तुकडा हातात धरून. "निघून गेलं तोंडातून. आता कसं फिरवू?" माय म्हणाली, "उद्या फिरवा." पण उद्या बाकड्यावर पेशंट होते, आणि परवाही होते. आठवड्याभरात 'हाव'ला पाय फुटले. पोरगी अभ्यासात बुडालीय. पोरीला पत्र लिहायला पण फुरसत नाही. मग घरात नियम झाले. ते कुणी बसून केले नाहीत, आपोआप झाले. कॉलेजला मी दवाखान्याच्या रस्त्यानं न जाता नदीकडच्या बोळातून जायची. ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. डबा आता माय पोचवायची. दारात कुणाची चाहूल लागली की मी आतल्या खोलीत, आणि येणारा जास्त वेळ बसणारा असला तर तिच्याही मागं न्हाणीत. मी राहत होते नांदेडात, जेवत होते नांदेडात, आणि असायची लातूरला.

शेजारी तर सगळं दिसत होतं. एकदा न्हाणीच्या मागच्या भिंतीशी शमीमखालांनी मला पकडलं. त्या कपडे वाळत घालत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मेरेकू क्या करना मां. तू हय बोले तो हय, नई बोले तो नई." आणि ओल्या चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "पिळ." आम्ही दोघींनी चादर पिळली. मला इतकी लाज वाटत होती की पाणी पायावर पडतंय हेही कळलं नाही. मी काही चोरलं नव्हतं, कुणाबरोबर पळून गेले नव्हते, एक विषय घेतला होता. तरी मी आमच्या घराला लागलेला डाग आहे आणि आप्पा तो हातानं झाकून उभे आहेत असं मला वाटायचं. आप्पांचा राग यायचा नाही. दवाखान्यातून आल्यावर ते माझ्याकडं बघायचे नाहीत, दाराजवळच्या माझ्या चपलांकडं बघायचे आणि त्या उचलून आत ठेवायचे.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि दिवाळीच्या आधी गल्लीत हिवतापाची साथ आली. घरोघरी माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत होती. मायला ताप चढला. आप्पांनी दवाखान्यातून गोळ्या आणल्या, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मी म्हटलं, "आप्पा, साहेबांना बोलवा." ते म्हणाले, "बघू. उतरून राहिला." दुसऱ्या दिवशीही म्हणाले, "बघू." ते का थांबले होते ते मला कळत होतं, मायला कळत होतं, आणि तिघांपैकी कुणी ते बोललं नाही. मग एका सकाळी मायचे ओठ सुकून तडकलेले, डोळे लाल, अंग तव्यासारखं. आप्पांनी चप्पल अडकवली आणि जाता जाता माझ्याकडं न बघता म्हणाले, "साहेबाला घेऊन येतो. तू न्हाणीत ऱ्हा."

न्हाणीला पत्र्याचं दार होतं. खाली वीतभर फट. मी त्या फटीतून साहेबांचे बूट बघितले. बॅगेची कडी उघडल्याचा आवाज आला. आप्पांनी लोखंडी खुर्ची सरकवली. साहेब मायला काही विचारत होते, ती हळू आवाजात उत्तरं देत होती. मग ती मोठ्यानं म्हणाली, "शोभे, पाणी दे गं."

तापात तिला भान राहिलं नसेल, सवयीनं हाक गेली असेल. मी तांब्याकडं हात नेला आणि तसाच ठेवला.

"शोभा म्हणजे मुलगी ना तुमची?" साहेबांचा आवाज.

"हाव साहेब," आप्पा म्हणाले. "ती लातूरला. ताप डोक्यात गेलाय साहेब. सकाळपासून बरळून राहिली."

माय म्हणाली, "लातूरला कुटं? न्हाणीत हाय की ती. आत्ता तर गेली."

"बघा," आप्पा म्हणाले.

मला ते "बघा" अजून ऐकू येतं. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. आता ते तिच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले, जसं आपण लहान मुलांशी बोलतो. "बाई, आज वार कोणता?"

"बुधवार. न्हाई, बेस्तरवार असंल."

"घरात कोण कोण आहे?"

"मी हाय, हे हायेत, पोरगी हाय. तुमी येणार म्हून दडवली तिला."

मग साहेब उठून आप्पांना म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बदललेला होता, "कंपौंडर, हे लक्षण मला आवडलेलं नाही. भास होतायत. ताप मेंदूवर गेलेला असू शकतो. मोठ्या दवाखान्यात हलवा. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासावं लागेल."

आप्पा म्हणाले, "साहेब, जरा दुपारपर्यंत थांबून बघू का?"

"इतकी वर्षं माझ्याकडं काढलीत आणि हे विचारता? रिक्षा बोलवा आधी."

मी वाट बघत होते. मला वाटलं आता आप्पा सांगतील. साहेब, ती बरळत नाही. एवढंच वाक्य. पत्र्याच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसत होते. ते दाराकडं दोन पावलं गेले, थांबले, पुन्हा दोन पावलं गेले. ते खरंच रिक्षा बोलवायला निघाले होते. आणि तेवढ्यात माय रडायला लागली. मोठ्यानं नाही. "मी खरं सांगून राहिले हो," एवढंच म्हणत होती, "खरं सांगून राहिले."

मी तांब्या भरला आणि दार उघडलं. माझे पाय ओले होते आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्यांचे ठसे उठत गेले. मी साहेबांच्या बाजूनं गेले, मायच्या मानेखाली हात घातला आणि तिला पाणी पाजलं. ती घटाघटा प्यायली. आप्पा उंबऱ्यात पाठमोरे उभे होते.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "शोभा? कधी आलीस लातूरहून?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. ती त्यांनी मुद्दाम दिली की सहज, मला माहीत नाही. आप्पा वळले होते आणि माझ्याकडं बघत होते, कितीतरी आठवड्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं. आत्ता म्हण, असे त्यांचे डोळे होते. आत्ताच आले म्हण.

मी मायकडं बघितलं. मी म्हटलं, "मी परत गेलेच नाही सर. इथंच आहे. आर्ट्सला. माय शुद्धीत आहे."

साहेब परत खुर्चीवर बसले. मायची मान हळूच पुढं लववून बघितली, डोळ्यात बॅटरी टाकली, तिला हात दाबायला सांगितले. "मान लवतेय," ते स्वतःशीच म्हणाले. "मेंदूवर नाही गेला. अंगात पाणी कमी झालंय. हिवतापच आहे. उशीर केलात, पण तोच आहे." त्यांनी सवयीनं हात मागं केला, सिरिंजसाठी. आप्पांनी डब्यातून सुई काढली आणि ती त्यांच्या बोटांतून निसटून जमिनीवर पडली. दुसरी काढली, तिलाही नीट बसवता येईना. आयुष्यभर त्यांच्या हातून सुई पडलेली मी बघितली नव्हती. शेवटी साहेबांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः भरली.

निघताना त्यांनी मला विचारलं, "कोणता विषय घेतलास?"

"मानसशास्त्र."

"त्याला पुढं काय आहे?"

"माहीत नाही सर," मी म्हटलं. तेच खरं होतं.

आप्पा बॅग घेऊन मागं निघाले तेव्हा उंबऱ्याबाहेर साहेब थांबले आणि बॅग त्यांच्याकडून घेतली. "पेशंटबद्दल खोटं सांगायचं नसतं, कंपौंडर," ते म्हणाले. हळूच म्हणाले. गल्लीत कुणाला ऐकू गेलं नसेल. पण मला गेलं आणि मायलाही गेलं. आप्पा रिकाम्या हातांनी दारात उभे राहिले. मग ते आत आले, मागं राहिलेला सिरिंजांचा डबा मोरीवर घेऊन बसले आणि स्वच्छ असलेल्या सिरिंजा पुन्हा पुन्हा धूत राहिले. मी त्यांना उघडं पाडलं होतं. न पाडून चाललं नसतं हे मला कळत होतं, पण त्या पाठीकडं बघताना ते कळणं काही कामाचं नव्हतं. आपण त्या न्हाणीतून बाहेर आलोच नसतो, लातूरलाच मुकाट्यानं सडलो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

माय उठली, हिंडायला फिरायला लागली. तिनं आप्पांशी भांडण केलं नाही. पण तिच्या बोलण्यात एक नवीन शब्द आला. "मी शुद्धीत सांगून राहिले, मीठ संपलं." "शुद्धीत हाय बरं का मी, उद्या चतुर्थी हाय." सुरुवातीला मला हसू यायचं. आप्पांना येत नसे. ते ताटावरची मान वर करत नसत. एकदा दोघीच असताना, ज्वारी निवडता निवडता ती मला म्हणाली, "ताप तर जातो गं. पण मी खरं बोलत होते आणि ह्या माणसानं 'बघा' म्हणलं. माझ्याच घरात." आणि सुपातले खडे वेचत राहिली.

मानसशास्त्रज्ञ म्हणून माझ्याकडं आजही घरचे लोक बायकांना घेऊन येतात. नवरा सांगतो, सासू सांगते, "ही काहीबाही बरळते." मी आधी विचारते, काय बरळते? मग ते खरं आहे का, ते शोधते. नेहमी खरं असतं असं नाही. आजार असतोच, आणि तो ओळखायला मी शिकले. पण कधी कधी ते शब्द न् शब्द खरं निघतं. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना वाटतं हे मी कुठल्या तरी ग्रंथातून उचललंय. मी त्यांना न्हाणीची गोष्ट कधी सांगितली नाही. आप्पा असेपर्यंत तर शक्यच नव्हतं, आणि ते गेल्यावर जीभ उचलली नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय आणि लिहितानाही आप्पांना विचारल्याशिवाय त्यांचा खिसा उघडल्यासारखं होतंय.

साहेबांनी ती गोष्ट बाहेर काढली नाही. दवाखान्यात आप्पांचं काम पूर्वीसारखंच चालू राहिलं, फक्त साहेब त्यांना माझ्याबद्दल काही विचारेनासे झाले. पेशंटांना काही माहीत नव्हतं. ते विचारत, "पोरगी काय म्हणते?" आप्पा "हां, हां" म्हणत आणि बाटली हलवत. मी आता दवाखान्याच्या रस्त्यानं जायला लागले होते, पण मान खाली घालून, समोरच्या बाजूनं. आत गेले नाही. अशी दीड वर्षं गेली. अकरावीत मार्क बरे पडले, बारावीत बाईंनी शेवटी भीती आणि काळजीचा धडा घेतला, आणि त्यात शमीमखालांचे गार हात, घाम, मरणाची भीती सगळं ओळीनं लिहिलेलं सापडलं. मी ते पान खालांना वाचून दाखवलं. त्या शिलाई थांबवून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "तो फिर मैं पागल नई ना?" त्यांनी इतकी वर्षं हे कुणालाच विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं. बाकी मला काही करता येत नव्हतं. त्या धड्यात उपाय नव्हता.

बारावीचा निकाल लागला. मी पहिल्या वर्गात पास झाले होते. आप्पा दुपारी घरी आले, ते सहसा येत नसत. हातात पेढ्यांचा पुडा. "चल," म्हणाले. मला वाटलं देवळात. ते दवाखान्याकडं वळले आणि मी दोन पावलं मागं राहिले. बाकडी भरलेली होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, "अगंबाई, लातूरची आली," असं कुणीतरी म्हणालं. आप्पांनी पुडा माझ्या हातात दिला आणि स्वतः एकेक पेढा उचलून एकेकाच्या हातावर ठेवत निघाले. "पोरगी बारावी पास झाली," म्हणत. मी त्यांच्या मागं, डोळे त्या पेढ्यांवर रोवून. भिंतीकडच्या बाकड्यावर भोकरकडचे एक म्हातारबा बसले होते, फेटा बांधलेले. त्यांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "सायन्स ना?"

आप्पा थांबले. "आर्ट्स," ते म्हणाले, इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

म्हातारबांनी कानामागं हात धरला. "काय?"

"आर्ट्स."

"मोठ्यानं बोल कंपौंडर, मला ऐकू येत न्हाई."

"आर्ट्स!" आप्पा ओरडले. "आर्ट्स, आर्ट्स! लातूरला नव्हती ती. हितंच होती. मानसशास्त्र घेतलंय."

आतून साहेब दारापर्यंत आले आणि पडदा धरून उभे राहिले. आप्पांचे कान लाल झाले होते, मानेपर्यंत घाम आला होता. मला वाटत होतं जमिनीनं पोटात घ्यावं, मला नाही, त्यांना. म्हातारबांनी सावकाश मान डोलावली. पेढा तोंडात टाकला, चघळला, गिळला.

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग डॉक्टर कधी होणार?"

"न्हाई होणार," आप्पा म्हणाले, आणि माझ्या हातातल्या पुड्यातून आणखी एक पेढा काढून त्यांच्या हातावर ठेवला.